काकासाहेब ड्रायव्हर आणि वादळानं आणलेलं पाखरू

वादळाची बातमी ऐकून खूश होणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. नव्वद सालचा मे महिना होता. संध्याकाळी आम्ही काही जण मारुतीच्या पारावर रेडिओभोवती बसलो होतो. बातम्या देणारी बाई सांगत होती, आंध्राच्या किनाऱ्यावर मोठं चक्रीवादळ येतंय, मराठवाड्यातसुद्धा जोराचा वारा आणि पाऊस होईल. ज्याचा त्याचा जीव आपापल्या ठिकाणी धावला. कुणाचा कांदा रानात उघडा पडलेला, कुणाची कडब्याची गंजी शाकारायची राहिलेली, माझ्या गोठ्यावरचे पत्रे नुसते दगड ठेवून दाबलेले. आणि आमच्यातच बसलेला एक माणूस मांडीवर थाप मारून उठला.

"आलं बरं का!" म्हणाला. "किती सालं वाट बघून राह्यलो व्हतो."

सरपंच अप्पारावांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. अप्पाराव सरकत सरकत माझ्या कानाशी आले. "तिकडं माणसं घरंदारं सोडून पळून राह्यलीत, आन् ह्याला आनंद कशाचा? मी पहिल्यापासून म्हणतो, ह्या ड्रायव्हरमधी काईतरी गडबड हाय."

अप्पारावांना सगळ्यांमध्येच काहीतरी गडबड दिसायची, ते सोडा. पण त्या दिवशी मलाही थोडी शंका आलीच.

हे ड्रायव्हर म्हणजे काकासाहेब. मूळचे अंबडकडचे. आमच्या गावाला मंठ्याहून मुक्कामी गाडी यायची, ती ते चालवायचे. आताच्या नातवंडांना मुक्कामी गाडी सांगून कळत नाही. दिवस मावळता मावळता एसटी गावात यायची, पारासमोर मुक्काम करायची आणि सकाळी दूधवाले, शाळेची पोरं, दवाखान्याची आजारी माणसं, कोर्टाच्या तारखा असं सगळं पोटात घालून परत जायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपायचे. त्यामुळं ते आमचेच असायचे आणि आमचे नसायचेही. गावाची रीत अशी, की मुक्कामी गाडीच्या माणसांना रोज एका घरचं जेवण. कंडक्टर देवानंद त्यात एकदम तरबेज. आज कुणाकडं वांग्याचं भरीत आहे, हे त्याला गावात शिरतानाच वासावरून कळायचं. काकासाहेब मात्र स्वतःचा डबा आणायचे. गाडीच्या टपावर चढून एकटेच खायचे, आणि खाताना वर बघायचे.

आमच्या गावात कुणाच्या घरी न जेवणारा माणूस संशयाचा, आणि जेवताना ताटाकडं न बघणारा तर त्याहून संशयाचा. काकासाहेब दोन्ही होते.

एका उन्हाळ्यात तर कमालच झाली. फाट्यापासून गावापर्यंत तेव्हा मुरमाचा रस्ता होता. एक दिवस काकासाहेबांनी सरळ रस्त्यावर गाडी एकाएकी वाकडी घेतली, पार कडेच्या चारीपर्यंत नेली आणि पुन्हा सरळ केली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तसंच. तिसऱ्या दिवशीही. बायांनी गाडीत आरडाओरडा केला. माणसं म्हणाली, पिऊन चालवतो. अप्पाराव स्वतः मंठ्याला जाऊन सांगून आले, आणि तिथं भर स्टँडवर एका साहेबानं काकासाहेबांना तोंडाचा वास द्यायला लावला. वास आला तो कांद्याचा. मग देवानंदनं खरी गोष्ट सांगितली. रस्त्याच्या मधोमध खड्यांमध्ये टिटवीनं अंडी घातली होती. काकासाहेबांना ती रोज दिसायची, आम्हाला कुणाला उतरून दाखवली तरी दिसेनात, इतकी ती मुरमासारखी.

अप्पारावांचं समाधान झालं नाही. "अंड्यापायी कुणी गाडी वाकडी घेतंय का? अंडी तर कोंबडीची बी असत्यात."

आणि त्यांच्या गळ्यात ती दुर्बीण. तिचीही एक हकिगत आहे. काकासाहेबांची बायको लवकर गेली. मुलगी बेबीनंदा तेव्हा एवढीशी. ती अंबडला आत्याजवळ वाढली. बायकोचा भाऊ मिल्ट्रीत होता. तो सुट्टीवर आला की भाचीला खाऊ आणायचा आणि दाजींना काहीतरी वस्तू. एकदा त्यानं जुनी दुर्बीण आणली. म्हणाला, "दाजी, तुम्ही लई एकटे पडले. ह्याच्यातून बघत जा." काकासाहेबांनी ते मनावर घेतलं. रेल्वे फाटक पडलं की बघ, गाडी पंक्चर झाली की बघ, मुक्कामाला आले की सकाळी आमच्या तळ्याच्या पाळीवर जाऊन बघ. आमचं तळं म्हणजे दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालून अडवलेलं पाणी, मे महिन्यात निम्मं आटलेलं. पण बगळे, पाणकावळे, हिवाळ्यात बदकं, असं काही ना काही असायचं.

कुठल्याशा रद्दीत सापडलेल्या मासिकात त्यांनी वाचलं होतं, की मोठ्या वादळात समुद्रावरची पाखरं वाऱ्यासंगं आत ढकलली जातात. शेकडो मैल येतात, दमतात आणि पाणी दिसेल तिथं थांबतात. कुणाला दिसली तर दिसली, नाहीतर आली तशी जातात. काकासाहेबांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यांची गाडी परभणीच्या पुढं गेलीच नाही. तेव्हा समुद्रच थोडासा इकडं येणार असेल तर आपण बघावा, एवढंच त्यांचं म्हणणं. ते वादळाची वाट का बघत होते, ते हे. पण ते आम्हाला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर एवढी गोष्टच झाली नसती, आणि मग मी तुम्हाला काय सांगत बसलो असतो?

आता गोजरबाई. गोजरबाई वरच्या आळीतल्या. नवरा गेल्यापासून शेती, बैल, गडी सगळं एकटीनं सांभाळलं. बाजारात लुगडं घ्यायचं तर त्या आधी ते उन्हात धरायच्या, मग कोपरा ओला करून चोळायच्या, मग दुकानदाराच्या तोंडाकडं टक लावून बघायच्या. दुकानदारानं नजर खाली घातली की लुगडं परत. त्यांचा मुलगा शिवाजी जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत लागला होता आणि त्याच्यासाठी पोरगी बघणं चाललं होतं. एकदा मंठ्याला जाताना रस्त्यात गाडी बंद पडली. काकासाहेबांनी डबा उघडला, गोजरबाईंनी त्यातली भाकरी न विचारताच हातात घेऊन उजेडाकडं धरली. पातळ, कुठं चीर नाही, कड सारखी.

"कुणी केली?"

"लेकीनं. आठवड्याची सुट्टी करून कालच घरून आलो."

"काल केलेली भाकर आज अशी?" एवढंच बोलल्या. पण त्या दिवसापासून चौकशी चालू झाली. अंबडला माणूस पाठवून आत्याची चौकशी. स्टँडवर काकासाहेबांची चौकशी. ते तोंडाच्या वासाचं प्रकरणही त्यांनी खोदून काढलं. सगळं बराबर निघालं. एकच गोष्ट त्यांच्या मनाला पटेना. "बापाच्या गळ्यात दुर्बीण कशाला? माणसाला दोन डोळे पुरत न्हाईत का?" तरी पोरगी बघायला जायचं ठरलं होतं. काकासाहेबांचा सगळा जीव त्या सोयरिकीत अडकला होता. देवानंद सांगायचा, "वाटंनं एकच बोलतेत. गोजरबाई पोरीला पोटाला कमी करणार न्हाई, आन् कुणापुढं वाकू देणार न्हाई. आई नसलेल्या पोरीला अजून काय पायजे?"

आणि वादळ आलं. आमच्याकडं येईपर्यंत त्याचा जोर सरला होता म्हणतात, पण आम्हाला तेवढं पुरलं. रात्रंदिवस वारा आणि पाऊस. माझ्या गोठ्याचा एक पत्रा जो उडाला तो अप्पारावांच्या अंगणात. त्यावरही त्यांना शंका आलीच, की मी मुद्दाम ढिला ठेवला. ओढ्याला असा पूर आला, की फरशी पूल दिसेना. मुक्कामी गाडी गावात अडकली. ड्रायव्हर-कंडक्टरला काम नाही. देवानंद घरोघर भजी खात हिंडला. आणि काकासाहेब डोक्यावर पोतं घेऊन तळ्याकडं.

इथं एक गोष्ट सांगायला जरा अवघड आहे, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तेव्हा गावात संडास नव्हते. सकाळची माणसांची बाजू तळ्याच्या पाळीकडं आणि बायांची ओढ्याकडं, अशी पूर्वापार वाटणी. माणूस चुकूनसुद्धा ओढ्याकडं जायचा नाही. पण ओढ्याला पूर आला, बायांची बाजू पाण्याखाली गेली. त्याच दिवसापासून बाया पाळीकडं जायला लागल्या आणि माणसं निमूटपणे शाळेमागच्या माळावर गेली. दवंडी नाही, बोलणं नाही. असल्या गोष्टी बोलायच्या नसतातच. घरातली बाई तांब्या घेऊन कुठल्या वाटेनं गेली, ह्यावरून माणसानं समजून घ्यायचं. आता मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरला गावात घर नाही आणि घरात बाई नाही. त्याला कोण समजावणार?

पाऊस थांबल्यानंतरची ती पहिली सकाळ. माझी चुलत वहिनी तुळजाबाई आणि तिच्या संगतीच्या बाया पाळीकडं निघाल्या. वर बघतात तर बाभळीच्या आड एक माणूस पालथा पडलेला, डोक्यावर पोतं आणि डोळ्याला दुर्बीण.

तुळजाबाईनं एकच आरोळी ठोकली आणि हातातला तांब्या फेकून मारला. तो काकासाहेबांच्या खांद्यावर बसला. काकासाहेबांनी खांदा चोळला आणि मागं न बघता हातानं खूण केली. "हळू! उडून जाईल!"

"आन् वर मलाच म्हणतो हळू!" तुळजाबाई पारावर येऊन सांगत होती. तिचा आवाज तुम्ही ऐकला असता तर ओढ्याचा पूर परवडला म्हणाला असता. सगळं गाव जमलं. काकासाहेब आले ते चिखलानं माखलेले आणि चेहरा नुकतं लग्न ठरल्यासारखा. त्यांना वाटलं, आपलं पाखरू बघायलाच सगळे जमलेत.

अप्पारावांनी घसा साफ केला. "काकासाहेब, तुम्ही तळ्यावर काय करून राह्यले व्हते?"

"पाखरू बघून राह्यलो व्हतो. समुद्रावरचं पाखरू आलंय सरपंच! मोठं!"

"समुद्र कुठं, मंठा कुठं!" मागून कुणीतरी हसलं.

"वादळानं आणलंय."

"ते असू द्या," अप्पाराव म्हणाले. पुढचं कसं बोलावं ते त्यांना कळेना. बाया उभ्या होत्या. "तुम्ही तिकडं... त्या बाजूला... त्या टायमाला... म्हंजे समजून घ्या ना."

"त्या टायमालाच जावं लागतंय. उन्हं चढल्यावर माणसं तळ्याकडं जातेत, मंग पाखरं बुजतेत."

लोकांत कुजबुज झाली. देवानंद हातातलं भजं टाकून पुढं आला आणि काकासाहेबांच्या कानात बोलला. मी समोरच होतो. काकासाहेबांचा चेहरा बघता बघता उतरला. त्यांनी गळ्यातल्या दुर्बिणीला हात लावला, जशी ती आत्ताच कुणी त्यांच्या गळ्यात अडकवली. मग त्यांनी गर्दीत कुणाला तरी शोधलं. गोजरबाई लिंबाला टेकून उभ्या होत्या. त्यांची नजर काकासाहेबांवर होती, त्या लुगड्यांच्या दुकानदारावर असायची तशी.

"मला बाजू बदलल्याचं ठाऊक नव्हतं," काकासाहेब म्हणाले. "मी रोजच्याच जागी गेल्तो."

"ठाऊक नव्हतं!" तुळजाबाई म्हणाली. "टिटवीची अंडी दिसतेत, आन् एवढ्या बाया दिसल्या न्हाईत!"

आता हे बोलणं बिनतोड होतं. अप्पाराव म्हणाले, "गाडी चालू झाली की डेपोला अर्ज द्यायचा. सगळ्यांनी सह्या-अंगठे करायचे. असला माणूस आपल्या गावाला नको." आणि दोन-चार जण लगेच हो हो म्हणाले. अर्ज गेला असता तर नोकरीचं काय व्हायचं ते झालं असतं, पण ही गोष्ट एकदा अंबडपर्यंत पोचली, की बेबीनंदाला कुणी दारात उभं केलं नसतं. बापाचं नाव असं खराब झालेल्या पोरीला तेव्हा दुसरं स्थळ मिळत नव्हतं.

"थांबा," गोजरबाई म्हणाल्या. "अर्ज मागून. सोयरीक माझ्या घरची व्हायलीय. आधी मला बघू द्या. चला तळ्यावर."

निघाली वरात. पुढं गोजरबाई, मागं काकासाहेब मान खाली घालून, त्यांच्या मागं बाया, मग अप्पाराव आणि आम्ही सगळे. पाळीवर आल्यावर गोजरबाईंनी विचारलं, "कुठं पडले व्हते तुम्ही?"

काकासाहेबांनी बाभळीखालची जागा दाखवली. गवत अजून दबलेलं होतं. गोजरबाईंनी नऊवारीचा काष्टा नीट खोवला आणि त्या जागी चक्क पालथ्या पडल्या. साठीची बाई, चिखलात! कुणाला हसायची छाती झाली नाही. हात मागं करून म्हणाल्या, "आणा ती दुर्बीण." काकासाहेबांनी गळ्यातून काढून दिली. गोजरबाईंनी आधी उलटी धरली, मग देवानंदनं सुलटी करून दिली. त्यांनी ती तळ्यावर फिरवली, मग डावीकडं, खालच्या झुडपांकडं. तिथंच बराच वेळ धरली.

"इथून तर सगळं दिसतंय की वो," त्या म्हणाल्या.

अप्पारावांनी आमच्याकडं असं बघितलं, की बघा, मी काय म्हणत होतो.

"दिसतं," काकासाहेब म्हणाले.

"मंग?"

"मी तिकडं बघितलं न्हाई."

"कशावरून?"

ह्याला काय उत्तर असतं? माणसानं काय बघितलं ते एक वेळ सांगता येतं. काय बघितलं नाही, हे कसं दाखवायचं? देवानंदला राहवलं नाही. "मावशी, हा माणूस रस्त्यात हात केलेला प्यासिंजर बघत न्हाई आन् तारंवरचा होला बघतो. रोज शिव्या मी खातो, मला विचारा."

"तू गप. तू त्याचा जोडीदार."

मग सगळे थांबून राहिलो. आभाळ अजून राखेसारखं होतं आणि पूर्वेकडून वारा धक्के देत होता. पाणी गढूळ, पार वर चढलेलं. मध्ये एक वठलेली बाभूळ पाण्यातून डोकं काढून उभी. तिच्यावर ते पाखरू सकाळी बसलं होतं, असं काकासाहेबांचं म्हणणं. आता तिच्यावर एक पाणकावळा पंख वाळवत होता. खाली बगळे. बस्स. समुद्रावरचं काही दिसेना.

"आलं का वो समुद्रावरचं पाखरू?" अप्पाराव म्हणाले. "का परत गेलं समुद्राला?"

माणसं हसली. काही मागं वळली. मला काकासाहेबांकडं बघवेना, पण बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

गोजरबाई उठल्या. दुर्बीण त्यांच्याच हातात होती. त्या काकासाहेबांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. "हे बघा. मला पाखरू न्हाई दिसलं, तुमच्या मनातलं बी न्हाई दिसत. एकच सांगते. पोरीच्या गळ्याची शपथ घ्या. म्हणा, बेबीनंदाच्या गळ्याची शपथ, मी बायांकडं बघितलं न्हाई. एवढं म्हणा, मी विश्वास ठेवते. न्हाई म्हणता आलं, तर सोयरीक संपली."

वळलेली माणसंही परत फिरली. लेकीच्या गळ्याची शपथ म्हणजे आमच्याकडं गंमत नाही. काकासाहेबांनी उजवा हात छातीवर ठेवला.

"बेबीनंदाच्या गळ्याची..."

आणि ते थांबले. त्यांची नजर गोजरबाईंच्या डोक्यावरून वर गेली. तोंड उघडंच राहिलं.

पुढं काय झालं ते इतकं झटक्यात झालं, की प्रत्येक जण ते वेगळं सांगतो. मी सांगतो ते खरं. काकासाहेबांनी गोजरबाईंच्या हातातली दुर्बीण हिसकावली. गोजरबाई मध्ये होत्या, त्यांना खांद्यानं बाजूला सारलं. त्या पाय घसरून बदकन चिखलात बसल्या. आणि काकासाहेब पाळीवरून खाली, पाण्याच्या कडेकडेनं धावत सुटले. "ते बघा! ते बघा! वर! वर!"

आम्ही वर बघितलं. पाळीच्या मागून, आमच्या डोक्यांवरून ते आलं होतं. काळं. पंख केवढे लांब, सडपातळ, मध्ये वाकलेले, आणि एकदाही हलत नव्हते. शेपटी मागं दुभंगलेली, मध्येच मिटायची, मध्येच कात्रीसारखी उघडायची. छातीवर पांढरा डाग. वाऱ्यावर ते नुसतं टेकून राहिलं होतं. पाणकावळ्यानं पाण्यातून मासा काढला आणि उडाला. वरचं पाखरू एकदम आडवं झालं, खाली सुटलं, पाणकावळ्याच्या शेपटीलाच झोंबलं. घाबरून त्यानं मासा सोडला. तो पाण्याला लागायच्या आत काळ्यानं हवेतच झेलला. पाण्याला त्याचा पंखसुद्धा लागला नाही.

सगळ्यांच्या तोंडून एकदमच "आँ" निघालं. तुळजाबाईच्याही.

"घार हाय," अप्पाराव म्हणाले.

कुणी लक्ष दिलं नाही. काकासाहेबांची एक चप्पल चिखलात रुतून राहिली होती, त्यांना ठाऊक नव्हतं. दुर्बीण डोळ्याला लावून ते गुडघाभर पाण्यात उभे, आणि हसत होते का रडत होते ते सांगता यायचं नाही. पाखरू वठलेल्या बाभळीवर उतरलं, दोनदा तोल सावरला. त्याची लांब चोच, पुढं आकड्यासारखी वळलेली, मला नुसत्या डोळ्यांनी दिसली. मग ते दमलेल्या माणसासारखं मान आत घेऊन बसलं.

इकडं बाया गोजरबाईंना उठवत होत्या. अप्पारावांना संधी मिळाली. "पाहिलं ना? शपथ अर्धीच टाकली. खरा माणूस शपथ अशी अर्धी सोडत न्हाई. वरून तुम्हाला ढकललं!"

गोजरबाईंनी मागून लुगड्याचा चिखल झटकला. मग पाण्यात उभ्या असलेल्या काकासाहेबांकडं बघितलं. मला वाटलं, गेली सोयरीक.

"ह्याची नोकरी जायला आलीय," त्या म्हणाल्या. कुणाला तरी समजावून सांगावं तसं, हळू. "पोरीचं लगीन मोडायला आलंय. शपथ तोंडात अर्धी हाय. इहीण समोर उभी हाय, तिला चिखलात पाडलं. ह्यातलं ह्याला काई दिसलं का?"

मग त्या तुळजाबाईकडं वळल्या.

"मला पाडलं त्याचं बी अजून ठाऊक न्हाई त्याला. मंग तुळजे, तू तांब्या घेऊन आल्ती, ती काय दिसती ह्याला?"

तुळजाबाईला आधी हसू आलं. मग विचार करून राग आला. "म्हंजे, मी काय बघण्यासारखी न्हाई व्हय?"

आता बायाच एवढ्या हसायला लागल्या, की बाभळीवरचं पाखरू उडेल ह्या भीतीनं काकासाहेबांनी पाण्यातूनच मागं हात केला. "हळू!"

"बघा," गोजरबाई म्हणाल्या.

अप्पाराव अजून हटले नव्हते. "पण ती घार हाय, मी सांगतो."

"घार आसंल, न्हाईतर गिधाड आसंल. मला काय पाखराशी सोयरीक करायची हाय?"

काकासाहेब वर आले तेव्हा त्यांना हळूहळू सगळं आठवत गेलं. आधी चप्पल. मग गर्दी. मग गोजरबाईंच्या लुगड्यावरचा चिखल. तिथं नजर अडली आणि त्यांचा रंगच उडाला. हात जोडून म्हणाले, "माफ करा. शपथ राह्यली माझी. आत्ता घेतो."

"राहू द्या," गोजरबाई म्हणाल्या. "लेकीच्या गळ्याला हात लावू नका. पण एक ध्यानात ठेवा. ओढा उतरस्तोवर ह्या बाजूला यायचं न्हाई. तुम्हाला सांगणारं घरात कुणी न्हाई, म्हणून मी सांगून राह्यले." आणि मग, जरा थांबून, "आणा ती इकडं. बघू तरी द्या."

त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. देवानंदनं बाभळीचा नेम धरून दिला. "चोरटं हाय," गोजरबाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या तोंडातलं खातंय. तरी बी डौल बघा." काकासाहेबांनी मान हलवली. ह्या पाखरांना पाण्यावर बसता येत नाही म्हणाले, पंख भिजतात. समुद्रावर राहणाऱ्या पाखराला पाण्यावर बसता येत नाही, हे कुणालाच खरं वाटेना. मलाही वाटलं नव्हतं. पुढं नातीच्या शाळेच्या पुस्तकांत शोधलं, तिथं ते पाखरूच सापडलं नाही. म्हणून मी काकासाहेबांच्याच शब्दावर विश्वास ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. पाखरू सकाळभर बाभळीवर होतं. सगळं गाव बघून आलं, बाया आणि माणसं आपापल्या वेळा ठरवून. दुपारी वारा फिरला तसं ते बाभळीवरून सुटलं, गोल गोल फिरत वर गेलं, आणि पूर्वेकडं जाताना बारीक होत होत दिसेनासं झालं. अर्ज कुणी लिहिला नाही. अप्पारावांनी कागद आणला होता, पण सहीला कुणी आलं नाही. आपल्या एकट्याच्या सहीनं तो कागद पाठवायचा तर आपणच खोटे पडू, असं अप्पारावांना वाटलं असावं. त्यांना स्वतःचीही शंकाच यायची.

ओढा उतरला, पूल मोकळा झाला आणि मुक्कामी गाडी निघाली. गोजरबाई पोरगी बघायला अंबडला निघाल्या होत्या, मंठ्यापर्यंत ह्याच गाडीनं. मलाही कापसाच्या बियाण्यासाठी मंठ्याला जायचं होतं, म्हणून मी गाडीत होतो. गोजरबाई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या, हातात नारळाची पिशवी. काकासाहेबांनी पिशवीतला ठेवणीतला, धुतलेला शर्ट घातला होता आणि अंग चोरून, एकदम नीट गाडी चालवत होते. गोजरबाई मात्र रस्त्याकडं बघत नव्हत्या. समोरच्या आरशात काकासाहेबांचे डोळे दिसत होते, तिकडं त्यांचं लक्ष होतं. एवढं सगळं झालं तरी माणूस पुरता तपासून झाला नव्हता त्यांचा.

फाटा ओलांडला. पुढं तारेवर पाखरांची रांग बसली होती, पावसानं धुतलेली, निळी निळी. काकासाहेबांची मान आधी सरळ राहिली. मग हळूच थोडी डावीकडं. मग अजून थोडी.

"इवाई," मागून आवाज आला, "पुढं बघा."

काकासाहेबांनी मान सरळ केली. देवानंदनं तिकिटं फाडायचं थांबवलं आणि मागं वळून सगळ्या गाडीकडं बघितलं. पोरगी अजून बघायची होती, पण गोजरबाईंनी व्याही म्हणून हाक मारली, म्हणजे सोयरीक पक्की झालेली सगळ्या गाडीनं ऐकली होती.